प्रबंधलेखनासाठी हक्काचे टेबल : संशोधक विद्यार्थ्यांचे मागणीपत्र

प्रति,
मा. कुलगुरू आणि मा. सदस्य, व्यवस्थापन परिषद

विषय : पीएच.डी. संशोधकांना लेखनासाठी कायमस्वरूपी जागा मिळण्याबाबत

महोदय,

संघटनेच्या सभासदांच्या वतीने हे मागणीपत्र सादर करीत आहोत. विषय नवा नाही. तोंडी सांगून झाले, अर्ज देऊन झाले. आवक क्रमांक आमच्याकडे जपून ठेवलेले आहेत.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्रबंध किमान ३ आणि कमाल ६ वर्षांत पूर्ण करायचा असतो. फेरनोंदणी केल्यास आणखी २ वर्षे मिळतात. दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. मुदत काटेकोर मोजली जाते, पण त्या मुदतीत लिहायचे कुठे बसून, यावर एकही परिपत्रक नाही. विज्ञान शाखेच्या संशोधकाला प्रयोगशाळेत निदान उभे राहण्यापुरती जागा ठरलेली असते. भाषा, इतिहास, समाजशास्त्र, वाणिज्य या विभागांत टेबल हीच प्रयोगशाळा, आणि तेच नाही.

मागणी १ : नावानिशी टेबल

ग्रंथालयाचे ज्ञानस्रोत केंद्र झाले, तरी वाचनकक्षात जागा अजून सकाळी पिशवी ठेवूनच धरावी लागते. स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थीही तिथेच बसतात. त्यांच्याविषयी आमची तक्रार नाही. त्यांनाही दुसरी सोय नाही. पण वाचायला बसणे वेगळे आणि प्रबंध लिहायला बसणे वेगळे. एखादे प्रकरण लिहून होईपर्यंत दस्तऐवजांच्या झेरॉक्स, टाचणांच्या चिठ्ठ्या, मार्गदर्शकांनी लाल शाईने रंगवलेला खर्डा आणि खुणा घातलेले चार-पाच ग्रंथ आठवडेच्या आठवडे जागच्या जागी असावे लागतात. रोज संध्याकाळी ते आवरायचे, सकाळी पुन्हा मांडायचे, यात वेळ जातोच. आदल्या दिवशी लागलेली संगतीही तुटते. टेबलावर काही राहिले तर ते रात्री उचलले जाते. मग चिठ्ठ्या सापडल्या तरी त्यांचा क्रम सापडत नाही.

म्हणून कोर्सवर्क पूर्ण केलेल्या प्रत्येक पूर्णवेळ संशोधकाला प्रबंध सादर होईपर्यंत नावानिशी टेबल द्यावे : १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद, सुमारे ७५ उंच, कुलपाचा खण, वर पुस्तकांची एक फळी आणि पाठीला आधार देणारी, उंची कमी-जास्त करता येणारी खुर्ची. सभासदांवरही अट असावी. सलग ३० दिवस टेबल वापरले नाही, तर ते प्रतीक्षायादीतील पुढच्याला द्यावे. यातून क्षेत्रकार्य, आजारपण आणि नियमांनीच दिलेली २४० दिवसांपर्यंतची प्रसूती व बालसंगोपन रजा वगळावी.

यासाठी नवी इमारत नको. मुदत उलटलेल्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि मोडकी बाके यांनी अडलेल्या खोल्या मोकळ्या केल्या, तर पहिल्या टप्प्यातील ४० टेबले सहा महिन्यांत बसतील. खोल्यांची यादी सोबत जोडली आहे.

मागणी २ : उजेड, वारा, वीज

ट्यूबलाइट पाठीमागच्या भिंतीवर असल्याने लिहिणाऱ्याची सावली त्याच्याच कागदावर पडते. पंखा पाचवर ठेवला तर चिठ्ठ्या उडतात, बंद केला तर एप्रिलमध्ये बसवत नाही. एका प्लगवर तीन लॅपटॉप चालतात आणि त्याची वायर वाटेत पडलेली असते. प्रत्येक टेबलाला स्वतंत्र दिवा, दोन प्लग आणि खोलीला इन्व्हर्टर द्यावा. टेबले खिडकीला आडवी लावावीत, म्हणजे उजेड बाजूने येईल. याला तर खर्चच नाही.

मागणी ३ : वेळ

हा लेखनकक्ष सकाळी ७ ते रात्री ११ उघडा असावा. महिला संशोधकांच्या बाबतीत कक्ष उघडा आणि वसतिगृहाचे फाटक बंद, असा प्रकार होऊ नये. कक्षातील नोंदवहीची सही वसतिगृहात ग्राह्य धरावी. वाटेवर दिवे असावेत. दिव्यांग संशोधकांची टेबले तळमजल्यावर, रॅम्प आणि स्वच्छतागृहाजवळ असावीत.

मागणी ४ : मराठीत लिहिण्याची सोय

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला. विद्यापीठातील सामाईक संगणकांवर मात्र अजून जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट आहेत. त्यांत टाइप केलेले प्रकरण युनिकोडमध्ये नेले की जोडाक्षरे फुटतात आणि तळटिपा पुन्हा बसवाव्या लागतात. सर्व संगणकांवर युनिकोड फॉन्ट आणि इनस्क्रिप्ट कळफलक द्यावेत. हे काम एका तंत्रज्ञाचे, काही दिवसांचे आहे.

मागणी ५ : जागा आपलीशी करण्याची मुभा

ही मागणी वाचून काहींना हसू येईल, म्हणून स्पष्टच लिहितो. भिंतीला काही टाचू नये, टेबलावर खासगी वस्तू ठेवू नये, असे आदेश आहेत. जिथे माणसाने काही वर्षे रोज बसायचे, तिथे त्याला बसावेसे वाटले पाहिजे. लेखन अडते तेव्हा संशोधक आधी जागेवरून उठतो आणि मग दोन-दोन दिवस फिरकत नाही, हे मार्गदर्शकांनाही ठाऊक आहे. प्रत्येक टेबलामागे प्रकरणांचा आराखडा टाचण्यापुरता सॉफ्टबोर्ड द्यावा. एक कुंडी, घरचा फोटो, चहाचा थर्मास यांना हरकत घेऊ नये. बोलण्यासाठी आणि चहासाठी शेजारी वेगळी खोली असावी, म्हणजे लेखनकक्षात शांतता पाळण्याची जबाबदारी आम्ही घेऊ शकू.

मागणी ६ : शुल्क आणि वाटप

कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. पण ती सर्वांना मिळत नाही. ती नसलेल्यांना खासगी अभ्यासिकेचे दरमहा भाडे जड जाते, आणि तिथेही टेबलावर कागद ठेवून जाता येत नाही. म्हणून टेबलासाठी शुल्क वा अनामत घेऊ नये. महाविद्यालयांत शिकवत संशोधन करणाऱ्या अर्धवेळ संशोधकांना दोघांत एक टेबल चालेल. खण मात्र स्वतंत्र हवेत. वाटप नोंदणीच्या ज्येष्ठतेने व्हावे, यादी सूचनाफलकावर लागावी आणि वाटप समितीत संशोधकांचे दोन प्रतिनिधी असावेत, त्यांपैकी एक महिला.

या मागण्यांवर ३० दिवसांत मुद्देनिहाय लेखी उत्तर मिळावे. ‘विचाराधीन’ हे उत्तर धरले जाणार नाही. खोल्यांच्या पाहणीसाठी कार्यालय सांगेल त्या दिवशी आमचे प्रतिनिधी हजर राहतील. मुदतीत उत्तर न आल्यास सभासद आपापले खर्डे आणि ग्रंथ घेऊन प्रशासकीय इमारतीच्या व्हरांड्यात रोज कार्यालयीन वेळेत लिहायला बसतील. तिथे जागा भरपूर आहे आणि उजेडही चांगला येतो.

आपले,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी
संशोधक विद्यार्थी संघटना