कोपरखळी आणि धक्का

डोंबिवलीच्या माणसाला धक्का म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही. गेली वीस वर्षे सकाळच्या गाडीला लोंबकळत ठाण्याच्या शाळेत जाणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला तर नाहीच नाही. पण १५ ऑगस्ट २०२१ पासून सरकारने जो धक्का दिला, तो गाडीतल्या धक्क्याहून निराळा होता. लशीचे दोन्ही डोस झाले, वर चौदा दिवस उलटले, तरच लोकलचा पास!

हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. पण हिशेब पाहा. कोविशील्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचे अंतर हवे, हा नियम सरकारचा. अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या मंडळींचे लसीकरण मे महिन्यात लस अपुरी म्हणून थांबवले, तेही सरकारनेच. ज्याला जूनअखेर पहिला डोस मिळाला, त्याने ऑक्टोबर उजाडेपर्यंत पोट कशावर भरायचे? आमच्या शाळेतला तरुण शिपाई तेव्हा दोन बस बदलून येई. शाळेत मुले नव्हती. पण कुलूप उघडायला तो लागेच. त्याचा गुन्हा एवढाच, की त्याचे वय कमी होते.

पुढे नोव्हेंबरात ठाणे महापालिकेने एकही डोस न घेतलेल्या कर्मचाऱ्यांचा पगार रोखायचे ठरवले. तिकडे औरंगाबादेत पेट्रोल आणि रेशनसुद्धा लशीच्या दाखल्याला बांधले. अखेर २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की लस टोचून घेण्याची सक्ती कुणावर करता येत नाही.

हे झाले धक्क्याचे. आता कोपरखळीबद्दल. माणसाला न अडवता हलकेच ढोसावे आणि योग्य वाटेला लावावे, असे एक शास्त्र निघाले आहे. आमच्यातली शहाणी मंडळी त्यावरही चिडतात. म्हणे, ही लोकांच्या मनाशी लबाडी! मला याचे हसू येते. अहो, लग्नाची अक्षत देताना "अगत्य यायचे हं, वाट पाहतो" असे आपण म्हणतो, ती काय लबाडी? अमेरिकेत फ्ल्यूच्या लशीसाठी लोकांना निरोप धाडले, की तुमची लस तुमच्यासाठी राखून ठेवली आहे. शंभरात दोनेक माणसे जास्त आली. दोनच, पण कुणाची वाट अडवली नाही. आपल्या भाषेत सांगायचे, तर पान वाढून ठेवले आहे, एवढेच कळवले.

आणि उदयपूरची गोष्ट तर ऐकण्याजोगी आहे. तिथल्या खेड्यांत बाळांच्या सगळ्या लशी पुऱ्या होण्याचे प्रमाण शेकडा ६ होते. जिथे ठरल्या दिवशी नेमाने शिबिर भरू लागले, तिथे ते १८ झाले. जिथे शिबिराबरोबर दर खेपेला किलोभर मसूर आणि शेवटी थाळ्या दिल्या, तिथे ३९. आई अडाणी नव्हती, वाचकहो! तिची दिवसाची मजुरी बुडत होती.

म्हणूनच फ्ल्यूच्या बाबतीत माझे भांडण आहे. ही लस दरसाल घ्यावी लागते, कारण रोग दरसाल रूप पालटतो. आमच्याकडे तो पावसाळ्यात उसळतो. म्हणजे लस त्याआधी घेतलेली बरी. भिंतीवर "लस घ्या" लिहिले म्हणजे काम झाले, असे ज्यांना वाटते, त्यांनी कधी वर्ग शिकवला नसावा. कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठल्या दाराशी, ते सांगा! आणि खासगी दवाखान्यात जिथे पैसे मोजावे लागतात, तिथे गरिबाला नुसती कोपरखळी मारणे म्हणजे चेष्टा.

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींना मधुमेह आहे. यंदा मे महिन्यात मी एका चिठ्ठीवर वार, वेळ आणि डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला. पैसे निम्मे आमचे, निम्मे त्यांचे; फुकट घेईनात. शनिवारी संध्याकाळी दंड चोळत आल्या आणि म्हणाल्या, "सर, झालं. पुढल्या सालची चिठ्ठी आत्ताच देऊन ठेवा. तुम्ही विसराल."