फॉरमॅट मारण्याआधी

संगणक सुरू होत नाही, डिस्क कोरी दिसते आणि गिऱ्हाईक दुकानात ताटकळत बसले आहे. अशा वेळी आपल्यापैकी बरेच जण सरळ फॉरमॅट मारून नव्याने विंडोज टाकून देतात. या घाईपायी काय गमावले जाते, ते सीआयएच व्हायरसने फार पूर्वी दाखवून दिले आहे.

तैवानमधल्या छन इंग-हाउ या विद्यार्थ्याने 1998 मध्ये तो लिहिला. विंडोज 95 आणि 98 च्या ईएक्सई फाइलमध्ये एक विभाग संपून पुढचा सुरू होईपर्यंत थोडी जागा रिकामी राहते. जेमतेम 1 केबीचा हा व्हायरस स्वतःचे तुकडे करून त्या फटींत भरायचा आणि फाइल चालवली की मेमरीत पुन्हा जुळायचा. फाइलचा आकार बदलतच नसे, त्यामुळे आकारावरून संशय घेणाऱ्यांना तो दिसलाच नाही.

26 एप्रिल 1999 ला, सोमवारी, त्याने दगा दिला. दक्षिण कोरिया आणि तुर्कस्तानला मोठा फटका बसला. डिस्कच्या पहिल्या सेक्टरपासून साधारण 1 एमबी भाग त्याने पुसला आणि फ्लॅश बायोसवरही कचरा लिहिण्याचा प्रयत्न केला. ज्या मदरबोर्डवर तो साधला, तिथे पडद्यावर काहीच येईना. चिप काढून नव्याने प्रोग्रॅम करणे किंवा बदलणे एवढेच हाती उरले.

डिस्कचे मात्र तसे नव्हते. पार्टिशन टेबल आणि बूट सेक्टर गेल्यामुळे ती रिकामी भासे, पण फाइल्स जागच्या जागी होत्या. 4 जीबीच्या फॅट32 पार्टिशनमध्ये फॅटची एक प्रतच सुमारे 4 एमबीची असते. म्हणजे पहिल्या प्रतीचा आरंभ पुसला गेला तरी दुसरी प्रत शाबूत राहायची आणि तिच्या आधारे जवळजवळ सगळा डेटा परत मिळवता यायचा. फॅट16 मध्ये दोन्ही प्रती त्या 1 एमबीतच बसत, तिथे काम कठीण होते. पण ज्या डिस्कवर घाईने नवे विंडोज चढले, तिथली वाचलेली प्रतही गेली. ते नुकसान व्हायरसच्या खात्यावर टाकता येणार नाही.

आज एसएसडीवर धोका जास्त आहे. विंडोजमध्ये क्विक फॉरमॅट केले तरी ट्रिमची आज्ञा जाते, आणि मग जुना डेटा बहुधा कायमचा हातचा जातो. म्हणून डिस्क हातात आली की आधी तिच्यावर काहीही लिहू नका. दुसऱ्या डिस्कवर सेक्टरनिहाय प्रत काढा आणि जी काही खटपट करायची ती त्या प्रतीवर करा. याला वेळ लागतो, त्याचे पैसे वेगळे लावा. जॉब कार्डवर ‘डेटा हवा आहे का?’ असा रकाना ठेवा आणि तिथे गिऱ्हाइकाची सही झाल्याशिवाय फॉरमॅटला हात लावू नका.