अकरा महिन्यांचें बिऱ्हाड

आमच्या धाकट्या बंधूंच्या कन्येस गेल्या ज्येष्ठांत हिंजवडीस नोकरी लागली आणि तिला बिऱ्हाड पाहून देण्याचें काम, घरांतील रिकामा माणूस म्हणून, ओघानेंच आमच्याकडे आलें. आमच्या लहानपणीं हिंजवडी म्हणजे चैत्री पौर्णिमेस म्हातोबाचें बगाड निघणारें मुळशी तालुक्यांतील गांव, एवढीच त्याची ओळख होती. बगाड अजूनहि निघतें. पण गांवाभोंवतीं औद्योगिक विकास महामंडळानें वसविलेल्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्यें आतां लाखों माणसें कामाला येतात. त्या सर्वांना निजावयास जागा हवी आणि ती कचेरीच्या जवळच हवी, कारण तेथील रस्त्यावर चार मैल जावयास तास लागतो हें आम्हीं घड्याळ लावून पाहिलें. 2020 सालीं कोरोनाच्या सांथींत हींच घरें ओस पडलीं होतीं. कचेऱ्या पुन्हां भरल्या तशीं भाडीं जीं चढलीं तीं खालीं आलीं नाहींत.

दोन दिवसांत आम्हीं नऊ घरें पाहिलीं. दिवाणखाना, एक खोली व स्वयंपाकघर. भाडें 24,000, अनामत 75,000 आणि वर एक महिन्याचें भाडें दलालास. पहिला पगार हातीं पडण्यापूर्वीं मुलीनें जवळजवळ सव्वा लाख रुपये काढावयाचे! भाडें हा शब्द संस्कृत ‘भाटका’पासून आला आणि अनामत अरबीकडून, तिचा अर्थ विश्वासानें सोंपविलेली ठेव. आमच्या पुतण्याची अशीच ठेव एका घरमालकानें मागील वर्षीं रंगाच्या नांवाखालीं निम्मी गिळली. रंग पूर्वींच उडालेला होता. पण तसें कोठें लिहिलेलें नव्हतें. म्हणून या खेपेस किल्ली घेण्यापूर्वीं आम्हीं प्रत्येक भिंतीचें, नळाचें व फरशीचें छायाचित्र काढविलें आणि तीं घरमालकाकडे त्याच दिवशीं पाठविलीं. उन्हाळ्यांत टँकरच्या पाण्याचे पैसे कोणी द्यावयाचे, हेंहि करारांत लिहवून घेतलें. घर डोळ्यांनीं पाहिल्यावांचून फोनवरून एक रुपयाहि पाठवूं नये, हें मात्र मुलीलाच आधीं ठाऊक होतें. सांगावयास गेलों तर ती हंसली.

हा अकरा महिन्यांचा प्रकार काय आहे, असें पुष्कळ वाचक विचारतात. 1947 च्या मुंबई भाडे कायद्यानें जुनीं भाडीं 1940 सालच्या दरावर गोठलीं. पुढें 1 फेब्रुवारी 1973 रोजीं ताब्यांत असलेल्या परवानाधारकांनाहि भाडेकरूचें संरक्षण मिळालें. एकदां आंत आलेला मनुष्य पुनः निघत नाहीं, ही धास्ती घरमालकांच्या मनांत तेव्हांपासून बसली. त्यांतच वर्षाहून अधिक मुदतीच्या पट्ट्यास 1908 च्या नोंदणी कायद्यानें नोंदणी आवश्यक होती, ती चुकविण्यासाठीं बारावा महिना गाळण्याची युक्ति निघाली. ती युक्ति आतां निरर्थक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 सालचा; त्याच्या 55 व्या कलमान्वयें करार कितीहि मुदतीचा असो, लेखी व नोंदलेला पाहिजे, आणि तो नोंदविण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदला नाहीं, तर अटींविषयीं भाडेकरू जें सांगेल तें, उलट सिद्ध होईपर्यंत, खरें धरलें जातें. “कशाला नोंदणी, घरचींच माणसें आहांत,” असें गोड बोलणाऱ्यास हें कलम दाखवावें. मुद्रांक तरी किती? एकूण भाड्यावर शेंकडा पाव. आमच्या करारास सातशे रुपयांच्या आंत लागला. उलट, मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्यास दुप्पट भाडें भरावें लागतें, हेंहि मुलांना सांगून ठेवावें. अनामतीला मात्र आपल्या कायद्यांत मर्यादा नाहीं. केंद्रानें 2021 सालीं जो नमुना कायदा मंजूर केला त्यांत राहत्या घरास दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे. पण नमुना तो नमुनाच, राज्यानें स्वीकारल्याखेरीज तो लागू होत नाहीं.

कायदा येथपर्यंत पुरला. पुढें पुरेना. दलालाचा पहिला प्रश्न, “काका, फॅमिली कीं बॅचलर?” मुलगी आमच्या शेजारींच उभी! हा शब्द इंग्रजींत पुल्लिंगी आहे असें आम्हीं त्याला सांगूं लागलों; पण गृहनिर्माण संस्थांच्या व्याकरणांत तो उभयलिंगी आहे. एकट्या मुलीस घर नाहीं, म्हणून चार दारें बंद झालीं. पांचव्यानें रात्रीं दहानंतर ती कोठें असेल याची हमी मागितली.

नवव्या घराशीं पोहोंचलों तेव्हां एक तरुण जिना उतरत होता. हातांत तसाच कागदांचा लखोटा. घरमालकानें आम्हांस बसवून प्रथम आडनांव विचारलें. तें ऐकतांच त्याची मुद्रा पालटली. “मग कांहीं हरकत नाहीं. आतांच एक जण येऊन गेला. नोकरी चांगली होती हो, पण...” वाक्य त्यानें पुरें केलें नाहीं, आणि आम्हींहि करविलें नाहीं. आम्ही थकलों होतों. घर हवेशीर होतें. आम्हीं होकार दिला.

खालीं उतरतांना मुलीनें विचारलें, “काका, त्या मुलाला कां नाहीं दिलें?”

उत्तर आम्हांस चांगलें ठाऊक होतें. तीस वर्षांपूर्वीं साताऱ्यास आमच्या माडीवरच्या दोन खोल्या भाड्यानें द्यावयाच्या होत्या. एक विद्यार्थी आला, आपल्या शाळेंत आमच्याच हाताखालीं शिकलेला. तो घरांत येऊं पाहत होता तें त्याचें आडनांव घेऊन. वर्गांत आम्हीं तें शेंकडों वेळां पुकारलें होतें. खोल्या गेल्या, असें आम्हीं त्याला सांगितलें. त्यानंतर त्या चार महिने रिकाम्या होत्या, आणि तो रोज त्याच रस्त्यानें कॉलेजांत जात असे.

ही हकीकत आम्हीं तिला तेथेंच फाटकाशीं उभें राहून सांगितली. घरीं ती कोणासहि ठाऊक नव्हती. तिनें ती ऐकून घेतली, कांहीं बोलली नाहीं, किल्ली पिशवींत टाकली. करार अकरा महिन्यांनीं संपतो. पुढें तेंच घर ठेवावयाचें कीं दुसरें पाहावयाचें, तें आपण ठरवूं असें तिनें कळविलें आहे.