जुनी लुना घ्यावी की चेतक?

शिक्षक मित्रांनो, पालकहो, हौसेखातर एखादी जुनी गाडी घ्यायची झाली, तर लुना की चेतक? दोन्ही १९७२ सालच्या, दोन्हींचं मूळ इटलीच्या पियाजिओकडचं. चेतक बजाजची, लुना आपल्या नगरच्या कायनेटिकची.

चेतक दणकट आहे. पत्र्याची बॉडी, चार गिअर, वर स्टेपनी. मागे कुणाला बसवून बाजार आणायचा असेल, तर तीच घ्या. पण शिक्षक म्हणून माझं मत लुनाला. ५० सीसीचं इंजिन, गिअरची भानगड नाही. पायडल मारलं की इंजिन सुरू. पेट्रोल संपलं तर पायडल मारतच घरी! पायाचं बळ संपून इंजिनाचं कुठं सुरू होतं, हे मुलांना अंगणातच दाखवता येतं. शिवाय ती आपल्याच जिल्ह्यात घडली, हेही त्यांना कळायला हवं.

घेण्याआधी आरसी मात्र नक्की बघा. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण लागतं. आणि पालकहो, लुना हलकी म्हणून लहान मुलाच्या हाती देऊ नका. परवाना तिलाही लागतो, तोही १६ वर्षं पूर्ण झाल्यावरच, चेतकसाठी १८.

सांगा बरं, तुम्ही कोणती निवडाल?