आयुक्ताने मत मागावे, मेहेरबानी घेऊ नये

निवडणूक यंत्रणेच्या प्रमुखपदी राहिलेल्या माणसाने निवृत्तीनंतर राजकारणात पाऊल टाकू नये, असे म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. तो त्याचा हक्क आहे, त्यात लुडबूड कशाला, असे म्हणणारेही कमी नाहीत. माझे दोघांशीही भांडण आहे. पहिला पक्ष भलत्याच ठिकाणी पहारा बसवतो आणि दुसऱ्याला पहाराच नको आहे.

आधी पदांचा खुलासा करतो, कारण या वादात दोन पदांची सर्रास गल्लत होते. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो आणि राज्यात त्याचे काम मुख्य निवडणूक अधिकारी पाहतो. तो सेवेतला सनदी अधिकारी असतो. राज्य निवडणूक आयुक्त हे पद वेगळे आहे. ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीने ते निर्माण केले आणि महाराष्ट्रात १९९४ पासून ते आहे. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका या साऱ्यांच्या निवडणुका या आयुक्ताच्या हाती असतात. घटनेच्या २४३-के कलमाप्रमाणे त्याची नेमणूक राज्यपाल करतात आणि उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला हटवण्याची जी रीत, त्याच रीतीने त्याला हटवता येते. इतके संरक्षण घटनेने फार थोड्या पदांना दिले आहे. मात्र पद सोडल्यावर त्याने काय स्वीकारावे आणि काय नाकारावे, याबद्दल हे कलम एक शब्दही बोलत नाही.

आता पहिला पक्ष. त्याचा आवडता दाखला आमच्या मातीतलाच आहे. कुस्तीचा पंच उद्या लंगोट कसून त्याच आखाड्यात उतरला, तर त्याने आधी दिलेल्या निकालांवर कोण विश्वास ठेवील, असे तो विचारतो. दाखला बिनतोड वाटतो. पण आखाड्यात उतरलेल्या पंचाला निदान समोरच्या मल्लाशी चार लोकांदेखत झुंजावे लागते. तो चीत होऊ शकतो. मला भीती वाटते ती दुसऱ्याच पंचाची. ज्या मालकाच्या पैलवानाला त्याने विजयी ठरवले, त्याच मालकाच्या वाड्यावरून पुढे जो मानाचा फेटा बांधून घेतो, त्याची. पहिल्याचा निकाल मैदान लावते, दुसऱ्याचा कोणीच लावत नाही.

सरकारी सेवा सोडून लोकांपुढे उभे राहणे आमच्या सातारा-सांगली जिल्ह्यांना नवे नाही. येडेमच्छिंद्रचे नाना पाटील तलाठी होते. ती नोकरी सोडून ते चळवळीत आले, प्रतिसरकारचे नेते झाले आणि १९५७ मध्ये लोकसभेत गेले. पाटण तालुक्यातल्या मारुल हवेलीचे श्रीनिवास पाटील सनदी सेवेत होते. त्यांनी जिल्हाधिकारीपद सांभाळले होते, आणि जिल्हाधिकारी हाच सहसा जिल्ह्याचा निवडणूक अधिकारी असतो. १९९९ मध्ये त्यांनी सेवा सोडली आणि त्याच वर्षी कराड लोकसभा मतदारसंघात पृथ्वीराज चव्हाणांना हरवले. २००४ मध्ये ते पुन्हा निवडून आले. पुढे २०१९ च्या पोटनिवडणुकीत साताऱ्यात त्यांनी उदयनराजे भोसल्यांना सुमारे ८७ हजार मतांनी मागे टाकले. त्या निवडणुकीतली शरद पवारांची पावसातली सभा सगळ्यांच्या लक्षात आहे. निवडणुका घेण्याचा अनुभव असलेला हा माणूस लोकांच्या दारी मत मागायला गेला होता, ही गोष्ट मात्र फारशी कोणी बोलून दाखवत नाही. त्यात मला गैर काहीच दिसत नाही. तीनदा लोकांनी त्यांना पारखून घेतले. हे दार बंद करा म्हणणारा पक्ष मतदारावरच अविश्वास दाखवतो.

टी. एन. शेषन यांची गोष्टही इथे घ्यावी लागते. मुख्य निवडणूक आयुक्तपदावरून ते १९९६ च्या डिसेंबरात निवृत्त झाले. १९९९ मध्ये ते काँग्रेसच्या तिकिटावर गांधीनगरमध्ये लालकृष्ण अडवाणींविरुद्ध लढले आणि हरले. त्यांच्या कीर्तीला लोकांनी नमस्कार केला, मत दिले नाही. या लढतीने आयोगाचे काडीचे नुकसान झाले नाही.

शेषन यांच्याच दुसऱ्या उमेदवारीबद्दल मी इतका उदार नाही. १९९७ च्या जुलैत, निवृत्तीला पुरते आठ महिनेही झाले नव्हते, तेव्हा ते राष्ट्रपतिपदासाठी के. आर. नारायणन यांच्याविरुद्ध उभे राहिले. शिवसेनेने त्यांना पाठिंबा दिला होता. या निवडणुकीत मतदार असतात खासदार आणि आमदार. त्या लोकसभेची निवडणूक १९९६ मध्ये शेषन यांनीच घेतली होती. ज्यांच्या विजयावर स्वतः शिक्कामोर्तब केले, त्यांच्याकडेच मत मागायला जाणे, हा खरा दोष. ते जिंकले की हरले, याने त्या दोषात फरक पडत नाही.

हा दोष फक्त दिल्लीत संभवतो असे समजू नये. विधान परिषदेत सांगली-सातारा स्थानिक प्राधिकारी मतदारसंघाची एक जागा आहे. तिथे मत देतात जिल्हा परिषदेचे, नगरपालिकांचे आणि महापालिकेचे सदस्य, म्हणजे ज्यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयुक्त घेतो तेच. २०१६ मध्ये या जागेवर मोहनराव कदम निवडून गेले. २०२२ मध्ये त्यांची सहा वर्षे संपली आणि जागा रिकामी राहिली, कारण सभागृहांच्या मुदती संपून कारभार प्रशासकांकडे गेला होता आणि मत द्यायला पुरेसे सदस्यच उरले नव्हते. उद्या एखादा निवृत्त आयुक्त अशा जागेसाठी उभा राहिला तर त्याला आज कोणता कायदा अडवतो? कोणताच नाही.

आता दुसरा पक्ष. तो मूलभूत हक्कांची भाषा बोलतो आणि त्याच्या बाजूला वजनदार आधार आहेत. सनदी अधिकाऱ्यांना निवृत्तीनंतर काही काळ निवडणूक लढवू देऊ नये, अशी शिफारस निवडणूक आयोगाने २०१२ मध्ये केंद्राला केली होती. महान्यायवादींच्या अभिप्रायाच्या आधारे सरकारने ती नाकारली. २०२२ मध्ये हाच विषय सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालयाने ते काम कायदेमंडळाचे असल्याचे सांगितले. झाले, प्रश्न मिटला, असे या पक्षाला वाटते. पण न्यायालयाने असा निर्बंध घटनाबाह्य ठरेल असे कुठेही म्हटलेले नाही. ठरवायचे त्यांनी ठरवावे, इतकेच म्हटले. आणि थांबण्याचा नियम आपल्या व्यवस्थेला अपरिचितही नाही. सनदी अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर वर्षभराच्या आत खासगी कंपनीत नोकरी धरायची तर सरकारची परवानगी लागते. साबणाच्या कारखान्यात जायला परवानगी हवी आणि सत्ताधारी पक्षाच्या कार्यालयात त्याच संध्याकाळी जायला काहीच नको, याला हक्काचे तत्त्वज्ञान म्हणता येत नाही.

घटनाकारांनाही हे कळत होते. नियंत्रक व महालेखापरीक्षकाला निवृत्तीनंतर केंद्र वा राज्य सरकारातले कोणतेही पद घेता येत नाही, असे १४८वे कलम सांगते. राज्य लोकसेवा आयोगाच्या अध्यक्षाला दुसऱ्या लोकसेवा आयोगाखेरीज सरकारी नोकरी नाही, असे ३१९वे कलम सांगते. सरकारचे हिशेब तपासणाऱ्याला आणि सरकारी नोकर निवडणाऱ्याला जे बंधन घातले, ते सरकार निवडण्याची प्रक्रिया चालवणाऱ्याला मात्र घातले नाही. ही उणीव दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्ये बोट ठेवून दाखवली होती. निवडणूक आयुक्तांना कोणतेही सरकारी पद मिळू नये, राज्यपालपदसुद्धा नको, असे समितीने स्पष्ट लिहिले. ती शिफारस तशीच पडून आहे. दरम्यान, २००१ मध्ये मुख्य निवडणूक आयुक्तपदावरून निवृत्त झालेले मनोहरसिंग गिल २००४ मध्ये काँग्रेसकडून राज्यसभेत गेले आणि २००८ मध्ये केंद्रात मंत्री झाले. गिल यांच्या सचोटीवर मी शंका घेत नाही. पण शेषन यांना गांधीनगरच्या मतदाराने तपासले, तसे गिल यांना कोणी तपासले? पक्षाने जागा दिली, त्यांनी ती घेतली.

माझे म्हणणे इथे येऊन ठेपते. आयुक्त आणि मतदार यांच्यामध्ये भिंत बांधण्याचे कारण नाही. भिंत हवी ती आयुक्त आणि सरकारची कृपा यांच्यामध्ये, आणि ती निवृत्तीच्या दिवशी नव्हे, नेमणुकीच्या दिवसापासून हवी.

कारण आयुक्ताची राजकीय कारकीर्द निवृत्तीनंतर सुरू होते हा भ्रम आहे. ती नेमणुकीपासूनच सुरू होते. राज्यपाल नेमतात म्हणजे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने नेमतात. महाराष्ट्रात या पदावर सनदी सेवेतले ज्येष्ठ अधिकारी बसत आले आहेत, ज. स. सहारिया आणि यू. पी. एस. मदान हे दोघेही आधी राज्याचे मुख्य सचिव होते. कालपर्यंत ज्यांच्या फायली हातावेगळ्या केल्या, आज त्यांच्याच पक्षांच्या निवडणुका घ्यायच्या. नेमणुकीच्या पद्धतीतला हा धोका बाबासाहेब आंबेडकरांनी १९४९ च्या जूनमध्ये घटना समितीत बोलून दाखवला होता. पदाला कितीही संरक्षण द्या, पण मूर्ख, लबाड किंवा सरकारच्या मुठीतला माणूस त्या पदावर नेमला जाऊ नये अशी तरतूदच नसेल तर त्या संरक्षणाचा उपयोग काय, असा त्यांचा रोख होता. वि. म. तारकुंडे समितीने १९७५ मध्ये उपाय सुचवला: पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश यांच्या समितीच्या सल्ल्याने नेमणूक करावी. राज्यांच्या बाबतीत तसे काहीच झाले नाही. गोव्यात तर सरकारने आपल्या कायदा सचिवालाच निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार देऊन टाकला. २०२१ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो प्रकार बेकायदा ठरवला आणि सरकारी नोकरीत असलेल्या माणसाला हे पद देता येणार नाही, असे सगळ्याच राज्यांना बजावले.

यावर एक ठेवणीतले उत्तर येते. माणसे चांगली असली की झाले, नियमांनी काय होते? साताऱ्यात हे उत्तर रामशास्त्र्यांचे नाव घेऊनच दिले जाते, कारण ते क्षेत्र माहुलीचे. राघोबादादांना दोषी ठरवून, पद सोडून वाईकडच्या गावी निघून जाणारा न्यायाधीश आम्हाला अभिमानाचा आहे आणि असावाच. पण त्या काळातल्या न्यायाधीशांपैकी आपल्या तोंडात आज एकच नाव आहे. शेकडो वर्षांत एखादा निघतो अशा माणसावर दर पाच वर्षांनी होणाऱ्या निवडणुकांची भिस्त ठेवणे हा रामशास्त्र्यांचा सन्मान नव्हे. शिवाय ताठ उभ्या राहणाऱ्याचे आपण काय करतो तेही पाहावे. २००८ च्या मार्चमध्ये आयोगाच्या अधिकारांवरून पेटलेल्या वादात महाराष्ट्र विधानसभेने तेव्हाचे राज्य निवडणूक आयुक्त नंदलाल यांना हक्कभंगाबद्दल दोन दिवसांची कैद ठोठावली आणि त्यांना ती भोगावी लागली. त्यांचे प्रत्येक म्हणणे बरोबर होते असा माझा दावा नाही. पण पुढच्या आयुक्तांपर्यंत त्यातून जो निरोप पोहोचायचा तो पोहोचला: वाकलात तर पद, नाही तर तुरुंग.

आणि आयुक्त वाकला की कोणाचे काय जाते, ते आम्ही गेल्या काही वर्षांत भोगले आहे. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली. त्याच महिन्यात विधिमंडळाने कायदा करून प्रभागरचनेचे अधिकार आयोगाकडून काढून सरकारकडे घेतले. ओबीसी आरक्षणाचा पेच, न्यायालयातल्या याचिका, सत्तांतर, यांत निवडणुका लांबत गेल्या. ४ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन आठवड्यांत कार्यक्रम जाहीर करा असे सांगितले, तरी गाडा अडलेलाच राहिला. २०२५ च्या मे महिन्यात न्यायालयाला पुन्हा तंबी द्यावी लागली, तेव्हा कुठे त्या वर्षीच्या डिसेंबरात नगरपालिकांचे मतदान झाले. या विलंबाचा सगळा दोष मी आयुक्तांवर टाकत नाही. आरक्षणाचा गुंता खरा होता. पण आपले अधिकार डोळ्यांदेखत काढून घेतले जात असताना आयोग स्वतः होऊन न्यायालयात लढायला उभा राहिला, असे चित्र काही दिसले नाही. ज्याला पुढे काही मिळवायचे नाही, तोच अशा वेळी भांडतो.

स्थानिक संस्थांच्या निवडणुका छोट्या, त्यांच्या आयुक्ताचा एवढा बाऊ कशाला, असेही काही जण विचारतात. हे विचारणाऱ्याने आमचे जिल्हे पाहिलेले नाहीत. अंजनीचे आर. आर. पाटील सावळजमधून जिल्हा परिषदेत गेले आणि तिथूनच उपमुख्यमंत्रिपदापर्यंत पोहोचले. गावची शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, पाणी योजना, सगळे जिल्हा परिषदेच्या हाती. कराडच्या यशवंतरावांच्या काळात महाराष्ट्राने पंचायत राज उभे केले, ते साध्या घरातल्या माणसाला सत्तेची पहिली पायरी मिळावी म्हणून. ती पायरी जवळजवळ चार वर्षे प्रशासकाच्या ताब्यात राहिली. जी पोरे तेव्हा पंचविशीत होती आणि पहिल्यांदा उभी राहणार होती, ती आज तिशीला आली. त्यांचा तो काळ कोणता न्यायालयीन आदेश परत देणार?

उपाय दिल्लीवर ढकलण्याची आपल्याला सवय आहे. संसदेचे आणि विधानसभेचे सदस्यत्व कोणाला मिळावे हे संसद ठरवते आणि राज्यपाल राष्ट्रपती नेमतात, हे खरे. तिथे गोस्वामी समितीची शिफारस अमलात आणायची मागणी करावीच लागेल. पण राज्याच्या हातात बरेच काही आहे. राज्य निवडणूक आयुक्ताच्या सेवाशर्ती राज्याच्या कायद्याला अधीन राहून ठरतात, असे २४३-के कलमातच लिहिले आहे. म्हणजे नेमणुकीचा सल्ला मुख्यमंत्री, विरोधी पक्षनेता आणि उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती यांच्या समितीने द्यावा, असा कायदा मुंबईतच होऊ शकतो. निवृत्त आयुक्ताला राज्याचे कोणतेही महामंडळ, प्राधिकरण, समिती वा सल्लागारपद तहहयात मिळणार नाही, हेही त्याच कायद्यात बसते. त्याला थेट लोकांपुढे जायचे असेल तर निवृत्तीनंतर दोन वर्षे थांबावे आणि मग खुशाल जावे. ज्या सभागृहांच्या निवडणुका त्याने घेतल्या, त्यांच्या सदस्यांच्या मतांवर मिळणारी पदे मात्र ती सभागृहे बदलेपर्यंत त्याला वर्ज्य असावीत.

दोन्ही जिल्ह्यांचे मिळून सोळा आमदार विधानसभेत बसतात. सत्तेतले आहेत, विरोधातलेही आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांचे राजकारण पंचायत समिती, जिल्हा परिषद किंवा नगरपालिकेत सुरू झाले आहे. अशासकीय विधेयक मांडायला मंत्री असावे लागत नाही, एका आमदाराची सही पुरते. येत्या अधिवेशनाआधी या सोळांपैकी कोणाची सही पडते, ते आम्ही मतदारांनी त्यांच्या दारी जाऊन, नाव घेऊन विचारणार आहोत.