शीर्षक ही प्रायमरी की नव्हे!

डेटाबेसशी आठवडाभर झटणाऱ्या कुणालाही विचारा, माणसाचं नाव कधी प्रायमरी की करू नये. एका टीममध्ये दोन अमित निघतातच! जॅझ ऐकताना मात्र हाच गाढवपणा आपण खुशाल चालवून घेतो.

शब्द असलेल्या गाण्याचं बरं असतं हो, मुखडा आठवला की गाणं सापडतं. पण नुसत्या वाद्यांच्या रचनेला शब्दच नाहीत. तिची ओळख म्हणजे शीर्षक. आणि तेच दोघींचं एक असलं तर?

ऑर्नेट कोलमनच्या १९५९ च्या ‘द शेप ऑफ जॅझ टू कम’मध्ये ‘लोनली वुमन’ आहे आणि ‘पीस’सुद्धा. होरेस सिल्व्हरनेही १९५९ मध्येच स्वतःचं ‘पीस’ रेकॉर्ड केलं आणि १९६३ मध्ये ‘लोनली वुमन’. शीर्षकं दोन, रचना चार!

खरी गंमत पुढेच आहे. पॅट मेथनीचा १९८४ चा अल्बम ‘रिजॉइसिंग’ सुरू होतो तो ‘लोनली वुमन’ने. साथीला चार्ली हेडन आणि बिली हिगिन्स, म्हणजे कोलमनच्या १९५९ च्या चौकडीतलेच दोघे. अल्बममध्ये कोलमनच्या आणखी तीन रचना... चुकलो! ‘आणखी’ नाही, फक्त तीन. कारण ही ‘लोनली वुमन’ सिल्व्हरची आहे. आहे की नाही सापळा?

माइल्स डेव्हिसच्या नावावर तर ‘माइलस्टोन्स’ दोन आहेत, एक १९४७ ची आणि एक १९५८ ची. म्हणजे कधीकधी वादकाचं नावही पुरत नाही, सालही लागतं.

आता रचनेसाठी आयएसडब्ल्यूसी आणि रेकॉर्डिंगसाठी आयएसआरसी असे वेगळे क्रमांक आहेत. पण ते यंत्रांसाठी. आपल्या मोबाइलवर ठळक दिसतं शीर्षक आणि वाजवणाऱ्याचं नाव. रचना केली कुणी, ते कुठेतरी आत.

कुणी म्हणेल, कशाला एवढा कीस पाडायचा? अहो, रचनाकाराचं श्रेय आणि रॉयल्टी दोन्ही त्या एका नावावर ठरतात. म्हणून माझं मत साधं आहे. प्लेलिस्ट करा, मित्राला लिंक पाठवा, शीर्षकापुढे रचनाकार लिहायचाच. एक जास्तीचा कॉलम, बस्स.

आणि या वीकेंडला दोन्ही मूळ ‘लोनली वुमन’ लागोपाठ ऐकाच. एकीत ड्रम्स धावत असतात आणि वर सॅक्सोफोन-कॉर्नेट सावकाश विव्हळतात, पियानो नाहीच. दुसरी पियानोवरची शांत, संथ चाल. कुठली कुणाची, ते आता तुम्हीच ओळखा :)