पडदा फिरवा!

दिवाळी अंकासाठी गोल्फवर लिहितो, असे म्हटल्याबरोबर संपादकमहाशयांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "गुरुजी, ह्या दिवसांत आमचे वाचक चकलीला काटा का येत नाही ह्या विवंचनेत असतात. त्यांना गोल्फ कशाला?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आपल्यापैकी बहुतेकांनी हा खेळ कुंपणाबाहेरूनच पाहिलेला आहे. परंतु मला जे भांडण मांडावयाचे आहे ते शिकविण्याविषयीचे आहे, आणि ते आज गोल्फच्या मैदानावर जितके उघडपणे दिसते तितके अन्यत्र दिसत नाही. म्हणून वाचकहो, फराळाचे ताट जरा बाजूला ठेवून अर्धा तास माझ्याबरोबर त्या कुंपणाच्या आत चला.

मी स्वतः ही काठी कधी धरलेली नाही. माझ्या नव्या कादंबरीचा नायक कॅडी आहे, म्हणजे खेळाडूच्या काठ्यांची पिशवी वाहणारा. त्याच्यापायी गेले वर्षभर मी रविवारी सकाळी एका सराव-मैदानावर जाऊन बसतो. माझा एक जुना विद्यार्थी तेथे चेंडू गोळा करण्याच्या कामावर आहे. त्याच्या वशिल्याने मला बाक मिळतो आणि कधी कधी चहाही.

ह्या मैदानावर शिकणाऱ्याच्या पाठीमागे जमिनीवर एक चौकोनी पेटी ठेवलेली असते. ते रडारयंत्र. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिटी चढी आणि दूर जाणारीची उतरती ऐकू येते, हे आपण शाळेत डॉपलरच्या नावाने शिकलो. तेच तत्त्व येथे आहे. यंत्र लहरी सोडते, त्या काठीवरून आणि चेंडूवरून परत येतात, आणि लहरींतल्या फरकावरून वेग, दिशा, उंची, गिरकी असे वीसपंचवीस आकडे क्षणार्धात समोरच्या पडद्यावर उमटतात. डेन्मार्कमधील ट्रॅकमन ही कंपनी २००३ साली निघाली. तेव्हापासून ही विद्या जगभरच्या प्रशिक्षकांच्या हाती आली. किंमत मात्र लाखांच्या घरात.

ह्या यंत्राने काय केले ते आधी सांगतो, म्हणजे मला कोणी यंत्रद्वेष्टा म्हणणार नाही. काठी आणि चेंडू यांची भेट सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरती असते. एवढ्या अवधीत माणसाच्या डोळ्याला काहीही दिसत नाही. तरीही गोल्फचे गुरू पिढ्यान्‌पिढ्या छातीठोकपणे सांगत आले की, काठी ज्या वाटेने फिरते त्या दिशेने चेंडू सुटतो आणि काठीचे तोंड जिकडे असते तिकडे तो पुढे वळतो. पुस्तकांत हेच, प्रशिक्षकांच्या पाठांतही हेच. आणि हे उलटे होते! चेंडू सुटतो तो मुख्यतः काठीच्या तोंडाच्या दिशेने. लांब पल्ल्याच्या काठीने तर दिशेचा सुमारे पंच्याऐंशी टक्के भाग तोंडच ठरविते. चेंडू वळतो तो तोंड आणि वाट यांतील फरकामुळे.

हा पंडिती वाद नव्हे. समजा, तुमच्या आणि भोकाच्या मधोमध एक झाड उभे आहे. चेंडू उजवीकडून काढून डावीकडे वळवावयाचा आहे. जुना गुरू सांगे, काठीचे तोंड भोकाकडे ठेवा आणि झटका झाडाच्या उजवीकडे मारा. शिष्य अगदी तसेच करी, आणि चेंडू जाऊन खोडावर आपटे. मग गुरू म्हणे, "तू नीट मारला नाहीस." शिष्याने तर सांगितले तेच केले होते! गंमत अशी की, गुरू स्वतः तोच फटका लीलया मारून दाखवीत. त्यांचे हात एक शिकले होते, तोंड दुसरेच शिकवीत होते. अलास्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांचा ग्रंथ १९६८ साली प्रसिद्ध झाला. अतिवेगाने काढलेली छायाचित्रे आणि भौतिकशास्त्र यांच्या आधारे ह्या फटक्याची चिकित्सा त्यात होती. पण ग्रंथाला कोण विचारतो? गुरूंची पोपटपंची पुढे तीनचार दशके चालूच राहिली. पेटी मैदानावर येऊन प्रत्येक फटक्याला साक्ष देऊ लागली, तेव्हा कुठे ती थांबली.

दुसरे उदाहरण हिशेबाचे. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी व्यावसायिक स्पर्धांतील फटक्यांची नोंद घेऊन प्रत्येक फटक्याचे मोल काढले. आठ फुटांवरून तेथील व्यावसायिक खेळाडू निम्म्या वेळाच चेंडू भोकात घालतो. म्हणजे त्या जागेची सरासरी दीड फटका. एकात घातलात तर अर्धा फटका कमावलात, दोन लागले तर अर्धा गमावलात. ह्या रीतीने तोललेले भोकाजवळच्या फटक्यांचे गणित अमेरिकन टूर २०११ पासून प्रसिद्ध करू लागली, आणि २०१४ साली ब्रॉडींचे पुस्तक आले. त्यात निघाले असे की, अव्वल आणि सामान्य व्यावसायिक यांच्यात जे अंतर पडते त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग शंभर यार्डांपलीकडून मारलेल्या फटक्यांत आहे. लांबचा फटका दिखाऊ आणि पैसा भोकाजवळ, ही गोल्फमधली जुनी म्हण त्या दिवशी लंगडी झाली.

तेव्हा मोजमाप हवेच. "आमच्या वेळी कुठे होती यंत्रे?" असा उसासा टाकणाऱ्यांची मला कीव येते. ते लगेच शिवशंकरप्रसाद चौरासिया यांचे नाव पुढे करतात. कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता क्लबवर वडील हिरवळ राखीत. मुलगा तेथेच वाढला, पाहून पाहून शिकला, आणि २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने इंडियन ओपन जिंकली. खरे आहे, आणि ऐकून ऊर भरून येतो. पण त्याच हिरवळींवर, तसेच पाहून शिकून, ज्यांचा चेंडू जन्मभर उजवीकडेच जात राहिला, त्यांची नावे कोणी सांगत नाही. एकलव्य एक झाला म्हणून गुरुकुले मोडीत काढावयाची नसतात.

आता माझे भांडण.

एका रविवारी बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा शिकावयास आला. बरोबर वडील. प्रशिक्षक तरुण, चुणचुणीत, यंत्र कोळून प्यायलेला. पडदा मुलाच्या डोळ्यांसमोर हातभर अंतरावर. मुलाने फटका मारला की प्रशिक्षक वाचू लागे, "पाथ मायनस फोर, फेस टू ओपन, स्पिन जास्त." पुन्हा फटका, पुन्हा वाचन. वडील प्रत्येक वेळी पुढे होऊन मोबाइलवर पडद्याचे छायाचित्र घेत. "गेल्या रविवारी बॉल स्पीड एकशे अकरा होता ना? आज एकशे आठच का?" मी त्या मुलाची मान पाहत होतो. काठी चेंडूला लागताक्षणी ती मान पडद्याकडे वळे. चेंडू अजून आकाशात असे, सकाळच्या उन्हात चमकत असे, वळत असे. पण ज्याने तो मारला त्याला तो पाहावयाचाच नव्हता! मधल्या विश्रांतीत मी त्याला विचारले, "बाळ, हा शेवटचा कसा गेला रे?" तो म्हणाला, "थांबा काका, अजून नंबर आला नाही."

वाचकहो, वर्गात इतकी वर्षे उभा राहिलो. पण एवढे दुःखद उत्तर मी क्वचित ऐकले असेन. पोराच्या हातात काठी होती, तळव्यात फटक्याचा हादरा होता, कानात आवाज होता, समोर आख्खे आभाळ होते. ह्या सगळ्या साक्षीदारांना त्याने हाकलून दिले होते आणि तो एका पडद्याची वाट पाहत होता.

अंकगणिताच्या पुस्तकात शेवटच्या पानांवर उत्तरे छापलेली असतात. प्रत्येक वर्गात एक विद्यार्थी असा असतो की, तो प्रत्येक पायरीला शेवटचे पान उलटून पाहतो. वही पाहिली तर सगळी गणिते बरोबर, आईबाप खूष. परीक्षेच्या खोलीत मात्र शेवटचे पान नसते. गोल्फच्या स्पर्धेतही ते नसते. फेरी चालू असताना हे यंत्र पाठीमागे ठेवून खेळता येत नाही, आणि आपला कॅडी किंवा भिडू यांच्याखेरीज कोणाचा सल्लाही घेता येत नाही. अठरा भोके त्या पोराला स्वतःच्या अंगाची साक्ष घेतच पार करावयाची आहेत, आणि ती साक्ष ऐकण्याची सवय आपण त्याला पैसे मोजून घालवावयास लावतो आहोत!

हे एका शाळामास्तराचे कुरकुरणे समजू नका. विन्स्टीन आणि श्मिट ह्या संशोधकांनी १९९० साली प्रयोग प्रसिद्ध केले. हाताची एक ठराविक हालचाल शिकावयाची. काहींना प्रत्येक प्रयत्नानंतर किती चुकले ते सांगितले, काहींना निम्म्याच प्रयत्नांनंतर. सराव चालू असता दोघांत फारसा फरक नव्हता. मग मध्ये वेळ जाऊ देऊन, काहीही न सांगता, पुन्हा परीक्षा घेतली. निम्म्या वेळाच ऐकलेले पुढे गेले. १९९९ साली गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा शोध वेगळ्या बाजूने थेट गोल्फमध्ये नेला. नवशिक्यांपैकी काहींना सांगितले, हातांच्या हालचालीकडे लक्ष द्या. काहींना सांगितले, काठीच्या झोक्याकडे लक्ष द्या. काठीकडे पाहणारे अचूक ठरले, दुसऱ्या दिवशीदेखील. म्हणजे शिकणाऱ्याला किती सांगावे आणि त्याचे लक्ष कोठे लावावे, ह्याचेही मोजमाप झालेले आहे. यंत्राचे आकडे मानावयाचे आणि हे आकडे मात्र मानावयाचे नाहीत, ही कुठली शास्त्रनिष्ठा?

कोणी म्हणेल, ब्रायसन डिशाँबो ह्या अमेरिकन खेळाडूकडे पाहा. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी, सगळ्या लोखंडी काठ्या एकाच लांबीच्या करून घेतलेल्या, आकड्यांतच वावरतो. २०२० आणि २०२४ अशी दोनदा यू. एस. ओपन त्याने जिंकली. पण तो यंत्राकडे जातो तो स्वतःचा प्रश्न घेऊन. आमच्या त्या पोराने काय विचारले होते? त्याच्यावर वीसपंचवीस उत्तरे येऊन कोसळत होती, आणि प्रश्न एकही त्याचा नव्हता. नवी काठी बेतून घेताना आकडे हवे तितके पाहावेत. अगदी पहिल्या दिवसांत, काठी धरावयाची कशी हेही कळत नसते तेव्हा, वारंवार सांगावेही लागते. त्यापुढे मात्र हात आखडावयास शिकले पाहिजे.

माझी मागणी अगदी साधी आहे. पडदा फिरवा! तो प्रशिक्षकाकडे करा, शिष्याकडे त्याची पाठ असू द्या. मुलाला चेंडू जमिनीवर पडेपर्यंत पाहू द्या. मग विचारा, "काठीचे तोंड कुठे होते असे वाटते?" त्याला बोलू द्या, चुकू द्या. आठदहा चेंडूंनंतर एक आकडा, फक्त एक, दाखवा. वीस आकड्यांतून तो एक निवडणे हीच मास्तरकी. आज जो तरुण सगळे वीस वाचून दाखवितो, तो माझ्या मते अजून शिकवावयास लागलेलाच नाही. पेटी काढते ते तो फक्त मोठ्याने म्हणतो. त्याला फी कशाची?

हे मी त्या प्रशिक्षकालाच बोलून दाखविले. तो रागावला नाही. हात पुसत म्हणाला, "सर, तुमचे पटते. पण पडदा फिरवला की पालक विचारतात, आम्ही पैसे कशाचे देतो? मी गप्प उभा राहिलो तर त्यांना वाटते, हा काही करीतच नाही."

दुखणे हे असे आहे. पडदा पोराच्या नव्हे, बापाच्या सोयीसाठी तेथे उभा आहे. आठवड्याला चाचणी घ्या, तिचे गुण रोज कळवा, असे मला सांगणारे पालक आणि हे पालक एकाच घरचे. गप्प राहणाऱ्या शिक्षकाची किंमत त्यांना कळत नाही, कारण गप्प राहण्याची पावती फाडता येत नाही. बरे, त्यांचाही हक्क आहे. कष्टाचा पैसा असतो. त्यांना महिन्यातून एकदा सगळे आकडे कागदावर छापून द्यावेत. तिकडे उपाहारगृहात पंख्याखाली बसून, चहा घेत, गेल्या महिन्याच्या कागदाशी त्यांनी ते खुशाल ताडून पाहावेत. पोरगा तोवर मैदानावर असेल.